तेरा डिग्रीची थंडी

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि मला स्वस्थ बसता येत नाही. यात माझा दोष नाही, मला घडवलंच गरगर फिरण्यासाठी. कागदोपत्री माझं नाव सेंट्रिफ्यूज, पण सावद्याच्या आमच्या दवाखान्यात मला सगळे फिरकी म्हणतात. नाव थोडं पोरकट आहे, पण त्या मोठ्या नावाचा उच्चार ऐकण्यापेक्षा हे बरं.

माझं काम सोपं आहे. रक्ताची नळी माझ्या पोटात ठेवायची, झाकण लावायचं, बटण फिरवायचं. मी मिनिटाला तीन हजार फेरे घेते. दहा मिनिटांनी थांबले की लाल भाग नळीच्या तळाशी बसलेला असतो आणि वर पिवळसर पाणी दिसतं. त्या पाण्याला सीरम म्हणतात. शरीरात आत काय चाललंय याच्या बातम्या त्यात असतात. बातम्या वाचणारी यंत्रं वेगळी, शिकलेली. मी फक्त लाल आणि पिवळं वेगळं करून देते.

माझा हट्ट मात्र एकच. एका बाजूला नळी ठेवली की बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी हवी. दुसरं रक्त नसेल तर पाणी भरा, पण वजन सारखं हवं. नाहीतर मी थरथरते, टेबलावरून चालायला लागते. धुळ्याच्या ज्या लॅबमध्ये मी पहिली अकरा वर्षं काढली, तिथं एक साहेब फोनवर बोलता बोलता एकच नळी ठेवून गेले. मी टेबलाच्या कडेपर्यंत चालत गेले आणि खाली पडले. डाव्या कुशीवरचा पोचा तेव्हाचा. तेव्हापासून मला माणसंही तशीच मोजायची खोड लागली. कोण समोर तेवढंच वजन ठेवतो, कोण एकाच बाजूला सगळं टाकून निघून जातो, याची नोंद मी मनात ठेवते. लिहिता येत नाही म्हणून बरं, नाहीतर पुष्कळांची पंचाईत झाली असती.

धुळ्यात माझं कौतुकही झालं. पाहुणे आले की डॉक्टर माझ्या झाकणावर थाप मारून म्हणायचे, "ही कधी दगा देत नाही." मग एक दिवस आकडे दाखवणारी, गाणं वाजवून थांबणारी नवी मशीन आली आणि तीच थाप तिच्या झाकणावर पडू लागली. मला कोठीत ठेवलं. झाकणावर जुनी कॅलेंडरं साचली. फिरणाऱ्याला फिरू न देणं म्हणजे काय, ते मित्रांनो, तुम्हाला शाळेत बाकावर हाताची घडी घालून बसवतात तेव्हा थोडं कळत असेल.

तिथून मला सोडवलं निंबाभाऊंनी. हे त्या लॅबमध्ये नळ्या धुवायचे, नमुने इकडून तिकडे न्यायचे. मूळचे धुळे तालुक्यातले, बोलणं पक्कं अहिराणी. त्यांच्या तोंडी एकच वाक्य कायम, "बठ्ठं बराबर शे." विचारणाऱ्याचा प्रश्न संपायच्या आत हे उत्तर तयार. मी मोजलं होतं. दहा वेळा ते असं म्हणाले की सात वेळा खरंच सगळं बरोबर असायचं. उरलेल्या तीन वेळांचं काय होतं, तेच मी आज सांगणार आहे.

डॉक्टर मेघा यांनी सावद्याला जनावरांचा दवाखाना काढला, तेव्हा निंबाभाऊ त्यांच्याकडे कामाला आले आणि येताना मला लॅबवाल्यांकडून मागून, टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आले. मला वाटलं, आता रोज फिरायला मिळणार. कसलं काय! वर्षभर माझ्या झाकणावर निंबाभाऊंचा जेवणाचा डबा ठेवला जायचा. शेळ्यांना सुई टोचायला, म्हशीचं अडलेलं रेडकू काढायला फिरकी कशाला लागते?

मग मॅडमना त्यांच्या कॉलेजातल्या जुन्या सरांचा फोन आला. सर कुत्र्यांच्या मादीला होणाऱ्या स्तनाच्या गाठींचा अभ्यास करत होते. अशा गाठींपैकी साधारण निम्म्या साध्या असतात, बाकीच्या वाईट, पसरणाऱ्या. वरून हाताला दोन्ही सारख्याच लागतात. गाठ वाईट असेल तर रक्तातली काही प्रथिनं वाढतात का, आणि ती मोजून गाठ कापायच्या आधीच अंदाज बांधता येईल का, हे सरांना शोधायचं होतं. त्यासाठी गावोगावच्या आजारी आणि धडधाकट कुत्र्यांचं सीरम हवं होतं.

"पण हे अजून शिकणं चाललंय हं," सर फोनवर म्हणाल्याचं मॅडमनी निंबाभाऊंना सांगितलं. "पक्कं निदान गाठ काढून, तिचा तुकडा तपासूनच. रक्ताचा आकडा फक्त इशारा. आणि सीरम लगेच गोठवायचं. वजा वीस डिग्री. प्रथिनं फार नाजूक असतात."

"बठ्ठं बराबर शे," निंबाभाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्यावरचा डबा उचलला. त्या दिवशी मी पुन्हा फिरले. माझ्या आवाजानं दारातली शेळी दोर तोडून पळाली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

आता लालीबद्दल सांगते. लाली म्हणजे वच्छलाबाईंची कुत्री, नऊ वर्षांची, तांबूस, एक कान मुडपलेला. वच्छलाबाईंची गावाबाहेर केळीची बाग आहे. मुलगा पुण्याला, मालक जाऊन सहा वर्षं झाली. बागेतल्या घरात त्या आणि लाली, दोघीच. रानडुकरं आली की लाली भुंकते, मग वच्छलाबाई टॉर्च घेऊन निघतात. लालीशिवाय त्या बागेत राहू शकत नाहीत, आणि बाग सोडून पुण्याच्या चौथ्या मजल्यावर त्यांना जायचं नाही. म्हणजे लालीच्या पोटाला लागलेली गाठ ही नुसती लालीची नव्हती.

टेबलावर लाली निजली होती. मॅडमनी पोटाकडे हात नेला, तशा वच्छलाबाई ओरडल्या, "दाबू नका व माय! डाग पडतो!"

मॅडम थबकल्या. मग हसल्या. "काकू, ही कुत्री आहे. केळी नाही."

सावद्याकडची ही रीत मला तोवर माहीत नव्हती. तिथं केळी कोणी दाबून बघत नाही. घड बघायचा तो डोळ्यांनी. रंग, शिरा, कड. बोट लावलं की दुसऱ्या दिवशी तिथं काळा डाग, आणि व्यापारी तो घड बाजूला काढतो. वच्छलाबाईंनी चाळीस वर्षं हाताखालच्या बायांना हेच बजावलं होतं, हात लावू नका. तीच सवय लालीच्या पोटापर्यंत पोचली. गाठ त्यांना डोळ्यांनी दिसली होती आणि त्यांनी तिला बोटही लावलं नव्हतं. वरून हळद-चुन्याचा लेप, तोही पिसानं.

"केव्हापासून आहे?"

"पोळ्याच्या वेळी दिसली. दुधाची असीन म्हटलं. जिरून जाईन."

मी मनात मोजलं. पोळ्यापासून दोन महिने सतरा दिवस.

मॅडमनी पट्टी लावून माप घेतलं, कार्डावर लिहिलं. "काकू, ही गाठ काढून टाकू. याच आठवड्यात. छातीचा फोटो काढू, भूल सोसते का बघू आणि काढू."

"कापाकापी नको. म्हातारी झाली ते. टेबलावरूनच उठली नाही तर मी कोनाच्या भरवशावर राहू बागेत?" वच्छलाबाईंनी लालीचा मुडपलेला कान हातात धरला होता. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ते रक्त फिरवायचं हाये ना तुमच्याकडं? निंबाभाऊ सांगत होते. रक्तात वाईट निघालं तर कापा. नाही निघालं तर नको."

"ते पक्कं नसतं, काकू."

"मले कागद पाह्यजे. कागदावर आकडा दिसला की मी मानीन."

त्या क्षणी मला समजलं की लालीचं सगळं वजन एकाच बाजूला पडलंय, माझ्या पोटातल्या एका नळीवर. समोरच्या बाजूला काहीच नाही. पण मी मशीन. थरथरण्यापलीकडे मला काय करता येतं?

रक्त घेतलं. अर्धा तास ठेवून मग फिरवलं. समोर निंबाभाऊंनी पाण्याची नळी अगदी तोलून ठेवली, त्यात त्यांची चूक नाही. सीरम छान निघालं, निवळ. त्याच दिवशी आणखी दोन नमुने होते. एक बोदवडच्या कुत्रीचा, तिची गाठ फुटून वाहत होती. दुसरा वरणगावच्या एका धडधाकट कुत्रीचा, तुलनेसाठी. तीन छोट्या बाटल्या, तीन चिठ्ठ्या. बर्फातल्या पार्सलची गाडी पाच दिवसांनी होती.

आणि नेमका दुपारी आमच्या दवाखान्याचा फ्रीज, वजा वीसच्या फ्रीजरसकट, बसला. व्होल्टेज वर गेलं, एक टक् आवाज झाला आणि खेळ संपला. मॅडम फैजपूरला म्हशीच्या पोटदुखीवर गेल्या होत्या. निंबाभाऊंनी बाटल्या हातात घेतल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि समोरच्या कादरभाईंच्या कोल्ड स्टोरेजकडे चालू लागले.

कादरभाई केळीचे व्यापारी. त्यांची थंड खोली सगळ्या रस्त्याला माहीत. उन्हाळ्यात लोक नुसते दारात उभे राहायला जातात. मी खिडकीतून ऐकत होते.

"कादरभाई, जरासी जागा शे का? डॉक्टरनी दवाई शे."

"अरे निंबाभाऊ, जागा काय, पूरी खोली तुमची. अपनी खोली म्हणजे काश्मीर!"

निंबाभाऊ रिकाम्या हातांनी, खूष होऊन परत आले. संध्याकाळी मॅडमनी फोनवर विचारलं, सीरम ठेवलं का नीट? फ्रीजचं त्यांना माहीतच नव्हतं, आणि नंतर कळलं तेव्हा बाटल्या दुसऱ्या फ्रीजरमध्ये असतील असं त्यांनी धरलं.

"बठ्ठं बराबर शे, मॅडम. एकदम थंडगार."

मित्रांनो, ते पाच दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कादरभाईंची खोली किती थंड, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे. मी रोज ऐकत होते. पण माझ्याकडे जीभ नाही. माझ्याकडे आहे ती एक मोटर, आणि तिचं बटण निंबाभाऊंच्या हातात.

बाराव्या दिवशी कॉलेजकडून कागद आला. लालीचा आकडा खाली होता.

"काकू, आकडा कमी आहे," मॅडम म्हणाल्या, "तरी गाठ आपण काढूच, कारण…"

पुढचं वच्छलाबाईंनी ऐकलं नाही. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावरच त्यांचे डोळे भरून आले. "कमी! मी म्हणत नव्हते, दुधाची हाये!" त्यांनी कागद घडी करून बटव्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात केळीचा एक आख्खा घड आला. निंबाभाऊंनी सहा केळी खाल्ली. मीही खूष व्हायला हवं होतं, पण माझी चुळबुळ थांबेना.

मॅडमचीही थांबली नाही. पुढचे तीन दिवस त्या येता-जाता तोच कागद काढून बघायच्या. चौथ्या दिवशी त्यांनी तिन्ही ओळींवर बोट फिरवलं. लालीचा आकडा खाली. वरणगावच्या धडधाकट कुत्रीचा त्याहून खाली. आणि बोदवडच्या, गाठ फुटलेल्या कुत्रीचाही तसाच खाली.

"निंबाभाऊ," त्या सावकाश म्हणाल्या, "गाठ फुटून वाहतेय, आणि तिचाही आकडा खाली? तिघींची प्रथिनं एकदमच पळून गेली? तुम्ही बाटल्या कुठं ठेवल्या होत्या?"

"कादरभाईनी खोलीमा. फ्रीज बिघडेल व्हता ना. पण मॅडम, हात ठेवा ते गारठी जाई, इतली थंडी!"

मॅडम रस्ता ओलांडून गेल्या नाहीत, दारातूनच हाक मारली. "कादरभाई, तुमच्या खोलीत डिग्री किती असते?"

कादरभाई कमरेवर हात ठेवून उभे राहिले. हा त्यांचा लाडका प्रश्न. "तेरा! तेरापेक्षा कमी नाही, चौदापेक्षा जास्त नाही. काटा हलत नाही, मॅडम. जरा खाली गेला तर केळी आतून काळी पडते. एवढी वर्षं झाली, अपना एक घड काळा नाही झाला."

मॅडम खुर्चीत बसल्या. निंबाभाऊ उभेच होते.

"तेरा," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला वजा वीस हवं होतं. प्रथिनं पाच दिवस तेरा डिग्रीवर मोडत बसली. तो आकडा लालीचा नव्हताच."

"थंडी थंडीमा बी फरक ऱ्हास, माले काय माहीत," निंबाभाऊ पुटपुटले. आपली चूक म्हटल्यावर माणसं तिच्यावर झाकण ठेवायला काहीतरी शोधतात. मी धुळ्यात तसली झाकणं पुष्कळ पाहिलीत. निंबाभाऊंनी इकडे तिकडे बघितलंही. समोर कादरभाई होते, फ्रीज होता, वीज कंपनी होती. त्यांनी त्यातलं काही उचललं नाही. टोपी काढून म्हणाले, "अक्काले फोन लावा. मी सांगस."

वच्छलाबाई लालीला घेऊन आल्या. निंबाभाऊ दारातच आडवे आले.

"अक्का, बठ्ठं बराबर नही शे."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. सगळं सांगून झालं. वच्छलाबाईंनी बटव्यातून तो कागद काढला, उलगडला, उलटसुलट बघितला, जणू तेरा डिग्री त्यावर कुठं लिहिली असेल.

"म्हणजे मी घड दिला तो फुकटचा," त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "या निंब्यानं माह्या लालीचे सोळा दिवस खाल्ले! आता कोनत्या कागदावर भरवसा ठेवू मी? सांगा ना! आता बोला ना!"

बोलल्या त्या मॅडम. "चूक आमचीच. आणि कागदावर सगळं सोडलं, तीही माझी चूक. काकू, इकडे या. हात द्या."

"कायले?"

"द्या तर."

मॅडमनी वच्छलाबाईंचा हात धरला आणि लालीच्या पोटावर, गाठीवर ठेवला. वच्छलाबाईंनी तो झटकन मागे घेतला. "डाग…"

"डाग पडत नाही, काकू. दाबा. अंगठ्यानं. हलते का बघा, केवढी आहे बघा."

चाळीस वर्षांची सवय मोडायला किती वेळ लागतो? मी मोजला. वच्छलाबाईंचा अंगठा खाली टेकायला पूर्ण एक मिनिट लागलं. लालीनं मान वळवून त्यांच्या मनगटाला जीभ लावली. अंगठा गाठीभोवती फिरला, एकदा, दोनदा. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"व माय," त्या हळूच म्हणाल्या. "पहिल्यांदा आणली तवा डोळ्यांना बोराएवढी दिसत होती. हे तर लिंबाएवढं हाये आत. आणि खाली धरून बसलंय, हलत नाही."

मॅडमनी पट्टी लावली. कार्डावरच्या मापापेक्षा गाठ जवळजवळ दीडपट होती. पण ते वाचून दाखवायची गरज उरली नव्हती.

"कापा," वच्छलाबाई म्हणाल्या. "भूल सोसली तर लाली माही. नाही सोसली तर मी तिले वेळेवर हात लावला नाही, हे माह्यावर. तुमच्यावर नाही. त्या निंब्यावर थोडंसं."

"थोडंसं नही, बठ्ठं मन्हावरच शे, अक्का," निंबाभाऊ स्वतःकडे बोट करून म्हणाले, आणि वच्छलाबाई रडता रडता हसल्या.

ऑपरेशनच्या आधी लालीचं पुन्हा रक्त घेतलं. मी फिरले तशी कधीच फिरले नव्हते. निंबाभाऊंनी ते सीरम बर्फाच्या डब्यात घातलं, डबा पोटाशी धरला आणि मोटरसायकलवर मागे बसून थेट जळगावला, चालू फ्रीजर असलेल्या ओळखीच्या लॅबपर्यंत नेला. मोटरसायकल कादरभाई चालवत होते. त्यांची काही चूक नव्हती, तरी दुकान बंद करून आले. जाताना म्हणत होते, "केळीसाठी तेरा जन्नत आहे, मॅडम. कुत्तीचं मला काय माहीत."

लाली टेबलावर एक तास दहा मिनिटं होती. मी भिंतीला लागून उभी होते आणि फिरत नव्हते. तो तास सगळ्यात लांब. दाराबाहेर वच्छलाबाई बसल्या होत्या, लालीचा पट्टा हातात गुंडाळत आणि सोडत. मग आतून एक बारीक, भूल न उतरलेलं कण्हणं ऐकू आलं. वच्छलाबाई उठून उभ्या राहिल्या. एवढंच.

गाठीचा तुकडा तपासून आला. गाठ वाईट होती, पण कडा स्वच्छ निघाल्या होत्या, म्हणजे जेवढी होती तेवढी सगळी निघाली. दुसऱ्या वेळचा रक्ताचा आकडाही वर आला. "एका कुत्रीवरून काही सिद्ध होत नाही," सरांनी कळवलं, "पण नमुना उत्तम होता. निंबाभाऊंना सांगा." मॅडमनी सांगितलं. निंबाभाऊ नुसते मान हलवून म्हणाले, "एकदा बघी लेस." आता ते काहीही विचारलं की आधी बघून येतात. दहातल्या दहा वेळा. दुरुस्त झालेल्या फ्रीजमध्ये कादरभाईंनी दिलेला तापमापक दोरीला लटकतो आणि निंबाभाऊ दिवसातून चारदा त्यात डोकं घालतात.

माझं वय झालं, मित्रांनो. माझं बेअरिंग आता घरघरतं, आणि मॅडम नव्या मशीनचं बोलतात. कोठीची मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? तरी जाण्याआधी एक सांगते. कागद चुकतात, मशीन चुकते, थंडीसुद्धा चुकीची असू शकते. म्हणून तुमच्या घरात कुत्री असेल तर आठवड्यातून एकदा तिच्या पोटावरून हात फिरवा. आणि ती लहान असतानाच डॉक्टरांना विचारून तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन करून घ्या, पुढं गाठींचा धोका खूप कमी होतो. मोठी तपासणी आमच्यासारख्यांकडे सोपवा, पण पहिला हात तुमचा लागू द्या. डाग पडत नाही.

आजच सकाळी वच्छलाबाई लालीला घेऊन आल्या. मॅडम हातमोजे घालत होत्या, तोवर त्या सांगायला लागल्या.

"डावीकडं काही नाही. टाके चांगले भरले. उजवीकडं पुढं काही नाही." मग त्यांचा अंगठा मागच्या बाजूला जाऊन थांबला. "इथं बघा बरं. काल नव्हतं. तिळाएवढी खडी लागू राह्यली मले."

मॅडमनी दाबून बघितलं. बराच वेळ बघितलं. "आहे," त्या म्हणाल्या. "काकू, ही तर मला सापडली नसती."

वच्छलाबाईंनी लालीचा मुडपलेला कान हातात धरला. निंबाभाऊंनी बर्फाचा डबा काढला, तापमापक बघितला, पुन्हा एकदा बघितला. अर्ध्या तासानं त्यांनी लालीची नळी माझ्या पोटात ठेवली आणि बरोबर समोर, तोलून, पाण्याची दुसरी.

झाकण लागलं. मी फिरतेय.